वेशीच्या आतली सुई

गावपळणीचा कौल झाला त्या दुपारी रसिका मिरचीच्या वाफ्यांना पाणी लावत होती. देवळाकडून ढोल वाजला, वाडीतली पोरं ओरडत खाली धावली आणि बांधावरून सासूने, नर्मदाने, हाक मारली, "गो रसिका, ऐतवाराक भायर पडूचा आसा. सोमवार, मंगळवार भायर, बुधवारी कौल घेवन आत." नर्मदाच्या तोंडावर लग्नघरचा आनंद होता. रसिका तशीच उभी राहिली आणि पाणी मिरच्या सोडून पाटाबाहेर गेलं. मंगळवारी तिच्या लेकीची, सलोनीची, दुसरी सुई होती.

खाडवणे गावची ही रीत जुनी. चार-पाच वर्षांनी एकदा ग्रामदेव रवळनाथ कौल देतो आणि अख्खा गाव तीन दिवस, तीन रात्री वेशीबाहेर जाऊन राहतो. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरं, सगळी. घरात चूल पेटायची नाही, दिवा लागायचा नाही, वेशीच्या आत कुणाचा पाय पडायचा नाही. का, ते कुणी विचारत नाही, आणि विचारलं तर प्रत्येक म्हातारा वेगळं सांगतो. लोकांना ती मनापासून आवडते हे मात्र खरं. मुंबईची माणसं रजा टाकून येतात. रसिकालाही लग्नानंतरची पहिली गावपळण आवडली होती. नव्या नवरीला तीन दिवस अंगण सारवायचं नाही, भांडी मोजकी, रात्री गाणी, तर न आवडायला काय झालं. पण तेव्हा सलोनी नव्हती.

सलोनी आता दीड वर्षाची. गेल्या पावसाळ्यात तिला फ्लूने धरलं. आधी नाक, मग ताप, मग श्वास घेताना बरगड्यांच्या मधे खड्डे पडायला लागले. जिल्ह्याच्या दवाखान्यात नाकाला नळी लावून तिला ठेवलं होतं आणि रसिका खाटेखाली चटईवर झोपत होती, म्हणजे पडत होती. पोर वाचली. पण तेव्हापासून रसिकाला पोरीच्या छातीवर हात ठेवल्याशिवाय झोप लागत नसे. 

म्हणून आकांक्षा घरी आली तेव्हा रसिकाने तिला चहा न विचारताच आधी ओटीवर बसवून घेतलं. आकांक्षा सावंतवाडीची, एका बालरोग दवाखान्याच्या अभ्यासात काम करणारी. लहान मुलांना फ्लूची लस अर्धी पुरते की पुरीच लागते, हे त्यांना बघायचं होतं. काही मुलांना अर्धी, काहींना पुरी. कुणाला कुठली ते आईबापाला सांगायचं नाही, आकांक्षालाही ठाऊक नसतं. टोचणारी नर्स वेगळी आणि ती कुणाशी बोलत नाही. महिन्याच्या अंतराने दोन सुया, आधी आणि शेवटी थोडं रक्त. आकांक्षाने सगळं दोनदा समजावलं आणि मनात नसेल तर नको म्हणा, असंही तिनेच सांगितलं.

रसिकाचा नवरा दीपेश हापूसच्या बागांत फवारणीला जातो. त्याने पाठीवरचा पंप उतरवत विचारलं, "अर्धी सुई म्हणजे काय ती? कलमार औषध कमी पडला तर तुडतुडो मरणा नाय, उलट माजता."

"मूल म्हणजे कलम नाही हो," आकांक्षा म्हणाली. "थोडक्यात भागत असेल तर तेवढ्याच लसीत जास्त मुलांना देता येईल. भागतं का, तेच बघायचंय."

दीपेशला ते पटलं नाही, पण त्याने नकार दिला नाही. रसिकाने मनात ठरवून टाकलं होतं की आपल्या पोरीला पुरीच मिळणार. आणि अर्धी मिळाली तरी काहीच नसण्यापेक्षा बरी. पहिली सुई गावातल्या उपकेंद्रात नीट झाली. दंड थोडा सुजला, एक दिवस पोर किरकिरली, संपलं.

दुसरी ठरल्या दिवशी झाली असती तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. पण त्या पहाटे नर्मदा उठली, न्हाणीत पाण्याचं भाणं तापवलं आणि नातीला डोक्यापासून पायापर्यंत तेल चोळून कडकडीत पाण्याने न्हाऊ घातलं. मग निखाऱ्यांवर ओवा आणि लसणीच्या साली टाकून धुरी दिली आणि स्वतःच्या जुन्या लुगड्याच्या गोधडीत गुंडाळून दिलं. "सुयेक जातली. आंग मोकळा होवक व्हया," ती म्हणाली. रसिकाने ते गाठोडं तसंच उचललं आणि उन्हातून उपकेंद्रापर्यंत नेलं. आकांक्षाने काखेत थर्मामीटर लावला आणि तिचा चेहरा पडला.

"ताप आहे हिला."

"ताप नाही हो. सासूने न्हाऊ घातलंय. आमच्यात पाणी कडक असतं."

गोधडी सोडली, पोरीला पंख्याखाली बसवलं, पुन्हा लावला. उतरला होता, पण रेषेच्या किंचित वरच. आकांक्षा गाडीतून आलेल्या अभ्यासाच्या डॉक्टरांशी बोलून आली. "आज नाही देता येणार. ताप असताना दिली आणि पुढे काही झालं, तर लसीमुळे झालं की आधीचंच होतं हे कसं कळणार? पुढच्या मंगळवारी या."

घरी आल्यावर रसिकाने भांडी आदळली. नर्मदाला कारण कळलं तेव्हा ती चुलीपुढे बसली आणि म्हणाली, "चेडवाक न्हावक घातला, तां पण चुकला माजा?"  पहाटे उठून, धुरात डोळे चोळत तिने ते मायेने केलं होतं. रसिकाला राग आला होता आणि तो ठेवायला जागा नव्हती.

पुढच्या मंगळवारी पोरीचं अंग थंडगार होतं. पण आदल्या रात्री वीज गेली होती, लसीची थंड पेटी मधेच कधीतरी गरम झाली होती आणि आतल्या सगळ्या लसी बाजूला काढल्या होत्या. आकांक्षाने हात जोडले. "पुढचा मंगळवार शेवटचा, वहिनी. त्यानंतर सलोनीला अभ्यासात धरता येणार नाही. दुसरी सुई आमच्याकडून मिळणार नाही." आणि त्या शेवटच्या मंगळवारी रवळनाथाने गावाला बाहेर काढलं.

वाडीतली बाकीची मुलं दुसरी सुई घेऊन वेळेवर सुटली होती. अडकली ती एकटी सलोनी.

रसिकाने वाफ्यातूनच फोन लावला. आकांक्षाने सगळं ऐकून घेतलं. रविवारच्या आत देता येणार नव्हती, नवी लस सोमवारी येणार होती. ही मुलगी ऐकून घेते आणि मग नाहीच म्हणते, याचाच रसिकाला जास्त संताप यायचा.

"आम्ही व्हाळाच्या पलीकडे खोपी घालतो. तिथे येऊन द्या ना."

"खोपीत नाही देता येत, वहिनी. एखाद्या मुलाला सुईनंतर त्रास होतो. खाट, ऑक्सिजन लागतो. त्यासाठी तुमचं उपकेंद्र मंजूर केलंय."

"मग मी तुमच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन येते. एसटीने येते."

"तुमच्या केंद्राची मुलं दुसऱ्या केंद्रात चालत नाहीत. तसं करायचं तर मुंबईच्या कमिटीची परवानगी हवी. मी आजच लिहिते. पण कमिटी महिन्यातून एकदा बसते."

रसिका मालवणला एका खासगी डॉक्टरकडेही जाऊन आली. तो भला माणूस होता, पण म्हणाला, "आधी काय आणि किती दिलंय ते कळल्याशिवाय मी वरून दुसरी देणार नाही." ती परतीच्या एसटीत सलोनीला मांडीवर घेऊन बसली आणि तिला सगळ्या जगाला एकेक थोबाडीत द्यावीशी वाटली.

उरला सासरा. लवू घाडी. देवापुढे गावाच्या वतीने गाऱ्हाणं घालायचा मान घाड्यांच्या घराचा, म्हणजे आता लवूचा. बारीक अंगाचा, कमी बोलणारा माणूस. तो घरामागच्या परड्यात खोपीसाठी माडाची झापं विणत बसला होता. रसिका समोर उकिडवी बसली.

"बाबांनू, एक इचारूचा होता. मंगळवारी उपकेंद्रात जावन सुई देवन येतंय. अर्ध्या तासाचा काम. देवाक कौल लावन इचारा मा, चालात काय म्हणान."

लवूने विणणं थांबवलं नाही. "कौल खंय लावूचो?"

"देवळात."

"देऊळ खंय आसा?"

"वेशीच्या आत."

"आजपासून ऐतवारापर्यंत देवाक दुसरा काय इचारूचा नसता. एकदा भायर पडल्यार कौल लावूक आत जावचा लागता. आणि आत जावक कौल व्हयो." त्याने झापाचं पातं ओढून घट्ट केलं. "बुधवारी इचारतंय."

"बुधवारी इचारून काय करू?"

लवूने पुढचं झाप हातात घेतलं. मुंबईची कमिटी महिन्याने बसणार आणि देव बुधवारी बोलणार. रसिका उठली आणि विणलेली झापं डोक्यावर घेऊन निघाली, कारण काम कुणासाठी थांबत नाही.

शनिवारभर तिने व्हाळाच्या, म्हणजे वेशीवरच्या ओढ्याच्या, पलीकडे ओझी वाहिली. पोफळीचे खांब दीपेशने पुरले, झापं तिने आणि नर्मदाने बांधली. सुंभाने हाताची सालटी निघाली. तांदूळ, हांडे, अंथरुणं, कोंबड्यांचं डालगं, कडब्याचे भारे. म्हशीने व्हाळावरच्या लाकडी साकवावरून चालायला नकार दिला तेव्हा तिला पाण्यातून ओढत न्यावं लागलं आणि रसिका मांड्यांपर्यंत चिखलात रुतली. रविवारी ढोल वाजला आणि गाव रिकामा झाला. आता साकवाच्या पलीकडे, वेशीच्या आत, आंब्याच्या कलमाखाली उपकेंद्राची पांढरी भिंत दिसत होती. खोपीच्या दारात बसलं की नजर तिच्यावरच जायची.

खोपींमध्ये मजा चालली होती. कुणी फुगड्या घालत होतं, कुणी कोंबडी कापत होतं, मुंबईचे बाप्ये कलमाखाली पत्ते कुटत होते. शाळेच्या गुरुजींनी काजूच्या झाडाला फळा टांगला होता. रसिका भाकऱ्या थापत होती आणि तिला त्यातलं काहीच सोसत नव्हतं. पहाटेच्या दवाने झापं गळायची. ती उठून उठून पोरीच्या अंगावर हात फिरवायची. कपाळ थंड आहे, नाक कोरडं आहे, बरं आहे. आता हिला सर्दी झाली तर मी कुणाच्या नावाने बोंबलू, असं तिला वाटायचं.

मंगळवारी सकाळी पांढरी गाडी मागच्या डांबरी रस्त्याने उपकेंद्रापाशी आली. त्या बाजूला अडवायला कुणी नव्हतंच. आकांक्षा उतरली, कुलूप काढलं आणि व्हरांड्यात उभी राहून तिने हात हलवला. मग फोन केला. "आम्ही बारापर्यंत थांबतो, वहिनी. यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी या म्हणू शकत नाही."

रसिका दीपेशला शोधत गेली. तो पत्त्यांत होता. "येतास मा?"

दीपेशने हातातली पानं बघितली, बाकीच्यांकडे बघितलं. "बापूस घाडी आसा माजो. माका कसा जावक गावतला?"

"चेडू कोणाचा आसा?"

कुणीतरी हसलं. दीपेशने पान टाकलं. त्याचा कान लाल झाला होता, पण तो उठला नाही. रसिकाने पोरीला कडेवर घेतलं आणि साकवाकडे चालू लागली.

साकवाच्या तोंडाशी लवू बसला होता. गाव रिकामा आहे हे राखायला मानकऱ्यांनी आळीपाळीने तिथं बसायचं असतं. त्याने सुनेकडे बघितलं, पोरीकडे बघितलं.

"बाबांनू, मी जातंय."

"मी तुका जा म्हणूचंय नाय," लवू म्हणाला. मग पायांवर हात फिरवत म्हणाला, "आणि माजे पाय आता पयल्यासारखे धावणत नाय."

रसिका साकव ओलांडून गेली. मागे गाणी थांबली. तिची पाठ तापली होती, इतके डोळे तिच्यावर होते. थर्मामीटर लावला, ताप नव्हता. न बोलणाऱ्या नर्सने पडद्याआड सुई टोचली, पोर कळवळून रडली, आणि मग नियमाप्रमाणे अर्धा तास तिथेच बसायचं होतं. त्या अर्ध्या तासात रसिकाने आपला गाव बघितला. दारं लावलेली, अंगणात पाचोळा, कोंबडा नाही की कुत्रं नाही. देव कुठे दिसला नाही. भीतीही वाटली नाही. नुसतं थकल्यासारखं झालं.

"काही त्रास नाही हिला," आकांक्षा म्हणाली. "वहिनी, बरं केलंत."

"ही अर्धी की पुरी?"

"मला खरंच माहीत नाही."

"कधी कळेल?"

"सगळ्या मुलांचं झालं की. वर्ष, दीड वर्ष."

रसिका परत आली तेव्हा साकवापाशी गर्दी होती. भिकाजी गावकर पुढे होता. गावात त्याचा शब्द चालतो आणि आवाज त्याहून जास्त चालतो.

"गाव मोडलंस तू," तो म्हणाला.

"ती गाडी सकाळपासून आत आसा. तेवा गाव मोडूक नाय?"

"ती भायरची माणसां. त्येंका धरूचा नसता. तू गावची सून."

तिकडे केंद्राचं मूल, इकडे गावची सून. रसिकाला हसू फुटलं, आणि ते सगळ्यांनी पाहिलं. तेच जास्त वाईट झालं. संध्याकाळपासून खोपीखोपीत तिचं नाव होतं. नर्मदाकडे शेजारणीने विरजण मागितलं नाही. लवू जेवला नाही. दुखतंय म्हणाला, काय दुखतंय ते बोलला नाही.

बुधवारी, तीन दिवस भरल्यावर, मानकरी रीतीप्रमाणे आत जाऊन कौल मागून आले. रवळनाथाने उजवा, म्हणजे होकाराचा, कौल दिला नाही. तासभर थांबून पुन्हा मागितला, तरी नाही. म्हणजे आणखी एक दिवस बाहेर. याआधीही असं झालं होतं, अगदी कुणी वेस ओलांडली नसतानाही. पण ते आता कुणाला आठवेना. मुंबईच्या माणसांची रजा संपली होती, कडबा संपला होता, दोन म्हाताऱ्यांना दवाने खोकला धरला होता, आणि या सगळ्याचं कारण खोपीत बसून पोरीला पेज भरवत होतं.

भिकाजी दुपारी खोपीच्या दारात आला. आत वाकूनसुद्धा बघितलं नाही, दीपेशशीच बोलला. "उद्या गाऱ्हाण्याच्या आधी तुज्या बायलेन चार माणसांत नारळ ठेवूचो आणि चुकलंय म्हणूचा. त्याशिवाय कौल मागूचो नाय."

तो गेल्यावर दीपेश म्हणाला, "म्हण गो. एक शब्द तो काय. आमका हयसरच रवाचा आसा मा?"

"माजा काय चुकला तां सांग. मगे म्हणतंय."

"तुजा चुकला म्हणान नाय..."

"मगे कित्याक?" रसिकाने पेजेची वाटी खाली आपटली. "मी चोरून गेलंय नाय. दिसाढवळ्या गेलंय. गेल्या पावसात तिचो श्वास अडकलो तेवा ह्येतलो एक पण खाटेकडे इललो नाय. आणि आता सगळ्यांका चेडू दिसता."

नर्मदा कोपऱ्यात तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "बोलाक नको तर बोला नको. पण नारळ तरी घेवन रव. रिकाम्या हातान रवा नको." एवढंच म्हणून तिने सोललेला नारळ सुनेच्या पुढ्यात सरकवला.

गुरुवारी सकाळी अख्खा गाव साकवाच्या अलीकडे जमला. पुढे मानकरी, मागे बाप्ये, त्यामागे बायका. रसिका नारळ धरून, सलोनीला कडेवर घेऊन उभी होती. चुकलंय म्हणायचं नाही, हे तिचं ठरलं होतं. न म्हटल्यावर काय करायचं, हे काही तिला सुचलं नव्हतं. माहेरी जावं, इतकंच डोक्यात होतं. भिकाजीने घसा खाकरला आणि मागे वळून तिच्याकडे बघितलं.

तेवढ्यात लवू घाडी मागे आला.  सुनेच्या हातातला नारळ काढून घेतला, पुढे जाऊन साकवाच्या तोंडाशी ठेवला, हात जोडले आणि मोठ्याने सुरुवात केली.

"बा देवा रवळनाथा, चाळ्याच्या, वेशीच्या, बारा वाटांच्या म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," गाव म्हणाला. गाऱ्हाणं सुरू झालं की त्याला मधे तोडता येत नाही. आणि घाडी थांबला की गावाने व्हय म्हणायचं, हे तिथल्या पोरासोरांनाही पाळण्यापासून ठाऊक असतं.

"आज ही तुजी लेकरां घरदार सोडून तुज्या शब्दान भायर रवलीत, गुरांढोरांसकट रवलीत, तां मान्य करून घी, रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"कोणाकडसून काय उणा पडला आसात तां तू भरून काढ. कोणी पत्ते खेळत बसलो, कोणी लेकराच्या वांगडा गेलो नाय, तेका पण पदरात घी, रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." दीपेशही म्हणाला, मान खाली घालून.

"ह्या घरची सून लेकराक घेवन तुज्या वेशीच्या आत गेली. राखणेक मी होतंय. मी तिका आडवलंय नाय. तां घाड्याच्या माथ्यार घाल, तिच्या माथ्यार घालू नको, रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." भिकाजीचा आवाज सगळ्यांत मोठा होता, सवयीने. म्हणून झाल्यावर त्याने आजूबाजूला बघितलं, पण शब्द गेला होता आणि तो देवापुढे गेला होता.

लवूचा आवाज थोडा खाली आला. त्याने मागे न बघता हात सलोनीच्या दिशेने केला.

"आणि ह्या चेडवाक ती सुई अर्धी गावली काय पुरी गावली, तां हय कोणाक म्हायत नाय. आवशीक नाय, दवाखान्यातल्यांका नाय. तुका म्हायत आसा. अर्धी गावली आसात तर ती तू पुरी करून घी, रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," अख्खा गाव म्हणाला.

रसिकाला ते म्हणता आलं नाही. तिला रडू फुटलं होतं, आणि ते लपवायला तिने पोरीच्या दंडाशी, सुई टोचली होती तिथे, तोंड खुपसलं.